खांडेनवमीचा बोर्ड

चेरीताल मोहल्ल्यातल्या सुखदा देशकरचं काम नेमकं काय, हे गल्लीत कुणाला धड सांगता येत नसे. "कंप्युटरचं काही करून राहिली," एवढंच. ती छोट्या कंप्युटरसाठी वायफायचे ड्रायव्हर लिहीत असे. तळहातावर मावेल एवढा बोर्ड, त्यात तो चालवणारं लिनक्स आणि वायफायची चिप. त्या दोघांचं आपसांत जमवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

काम पुण्याच्या एका कंपनीचं, घरून आणि कंत्राटावर. यंदाचा बोर्ड लसींच्या फ्रिजवर बसणार होता. फ्रिज गरम झाला की त्यानं दवाखान्याला कळवायचं, एरवी गप्प. हे काम पार पडलं की नोकरी पक्की, असं तिथले अतुल सर म्हणाले होते. सुखदानं बोर्डाला दिवसेंदिवस राबवलं, माहितीची ने-आण एकसारखी चालू ठेवली. तो कुठे अडला नाही. तिनं 'ठीक आहे' असा रिपोर्ट पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. तिचे वडील रत्नाकरराव तोफांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पाटावर नट फिरवायचे पाने, कानस, मापाचा व्हर्नियर मांडून झाल्यावर त्यांनी लेकीचा लॅपटॉप आणून ठेवला आणि बोर्डाकडे हात नेला.

"बाबा, वायर नका काढू. चालू आहे तो."

"राहू दे चालू. पण पूजेला येईल. तुझं हत्यार आहे ते."

"कुंकू बाहेरच्या डब्बीवरच लावा, आत बोर्डाला नको."

"अच्छा! आता तू मला मशीन शिकव."

पूजेला बसलेल्या हत्याराला त्या घरात दसऱ्याच्या आरतीपर्यंत कोणी हात लावत नाही. सुखदानंही लावला नाही. झेंडूच्या फुलांत बोर्ड हिरवा दिवा लावून बसून राहिला.

दसऱ्याला आरती झाली, तिनं देवाला नमस्कार केला, लॅपटॉप उघडून बोर्डाशी बोलायला गेली. उत्तर नाही. दिवा मात्र हिरवाच.

दुपारपर्यंत तिला उलगडलं. वीज वाचवायला चिप झोपली होती. इतका वेळ काही बोलली नाही म्हणून राउटरनं तिला सोडून दिलं, आणि ते ड्रायव्हरला कळलंच नाही. तो आपला बोर्ड जोडलेलाच समजत बसला. चाचणीत सुखदानं बोर्डाला कधी निवांत ठेवलंच नव्हतं.

"काहून गं, तोंड काहून उतरलं?" वडिलांनी विचारलं.

"माझं चुकलं. रिपोर्ट चुकीचा गेला."

"त्यांना समजलं?"

"नाही अजून."

तिनं फोन लावला.

"सुखदा, सोमवारी माल निघतोय," अतुल सर म्हणाले.

"थांबवा, सर."

"अहो, रिपोर्ट तुम्हीच दिलात ना? आणि दिवसभर बोर्ड रिकामा ठेवतं कोण?"

"फ्रिजवर रिकामाच बसेल, सर. फ्रिज बिघडला त्या दिवशीच बोलायचं आहे त्याला."

अतुल सरांनी आवाज खाली आणला. मग ते म्हणाले, "तुमचं पक्कं करायचं पत्र सहीला गेलंय. हे वर कळलं तर ते परत येईल."

"येऊ द्या. माल तेवढा थांबवा."

माल थांबला, पत्रही परत आलं. दिवाळीच्या आत सुखदानं ड्रायव्हर दुरुस्त करून दिला; या वेळी बोर्ड दोन दिवस गप्प बसवून पाहिला, मगच. कंपनीनं कंत्राट सहा महिने वाढवलं.

"मग? पक्की झाली का?" रत्नाकररावांनी विचारलं.

"नाही. सहा महिने अजून आहे."

"चलो," ते म्हणाले, "पान वाढलंय, जेवून घे."