कानसेनांची मधली खुर्ची

माझे भावोजी डोळ्यांवर पोट भरतात आणि कानांसाठी जगतात. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर त्या चाकाची किरकिर ऐकून माणसाचे कान विटायला हवेत, पण भावोजींचे उलट जास्तच तिखट झाले. आमच्या ह्यांनी चिडवायला म्हणून त्यांचं नाव ‘कानसेन’ ठेवलं, तर भावोजींनी ते पदवीसारखं मिरवायला सुरुवात केली. स्वतःच्या फोनलासुद्धा त्यांनी तेच नाव देऊन टाकलं.

त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर, मध्ये जिन्याची चिंचोळी जागा. माझी थोरली बहीण त्या घरात नांदते, त्यामुळे तिथलं भांडं पडलं तरी मला कळतं. अर्थात तिथे भांडं पडायची सोय नाही. बाहेरच्या खोलीत शाळकरी पोराएवढे उंच दोन स्पीकर, भिंतींवर जाड रजया टांगलेल्या, जमिनीवर स्पीकरच्या जागेच्या खडूने केलेल्या खुणा. केर काढताना स्पीकर तसूभर हलला की ताईची धडगत नसे. आणि मधोमध एक खुर्ची. गाणं खरं ऐकू येतं ते फक्त त्या खुर्चीत, असं भावोजींचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे बैठक भरायची. आम्ही आणि शेजारपाजारच्यांनी पाळीपाळीने त्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून मुकाट राहायचं. कुणी नुसतं खाकरलं तरी भावोजी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायचे. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून ते कपाटात, कपड्यांच्या खाली. आणि सगळ्यात शेवटी ताईने आत जाऊन फ्रिजचं बटण बंद करायचं, कारण फ्रिजची घरघर म्हणे बारीक सुरांत मिसळते. आता आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. तो फ्रिज ह्यांनीच आणून बसवलेला. “माझ्या फ्रिजला घरघर म्हणतो हा माणूस!” म्हणून हे घरी येऊन धुसफुसायचे, आणि तिकडे ताईचं दूध नासायचं ते नासायचंच.

खरी गोष्ट अशी की ताई गायची. शिकलेली वगैरे नव्हे. कपडे वाळत घालताना, वेणी घालताना, आपली आपण. भावोजींनी तिला पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे ऐकलंच म्हणायचं, ते दुकानात. ती चष्मा करायला गेली होती आणि बाकावर बसून गुणगुणत होती. चष्मा केव्हाच तयार झाला होता. पण भावोजींनी “अजून जरा काम बाकी आहे” असं सांगत तिला दुपारभर बसवून ठेवलं. हे ते स्वतःच अजून मिटक्या मारत सांगतात. मग लग्न झालं, घरात एकेक यंत्र येत गेलं, आणि ताईचं गाणं नेमकं कधी बंद पडलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही, बहुतेक.

यंदा ह्यांनी वायर नसलेले छोटे स्पीकर आणले. पोळ्यांच्या डब्याएवढे. एक स्वयंपाकघरात, एक बाहेर, एक चक्क न्हाणीघरात. फोनवर बोट ठेवलं की तिन्हीकडे एकच गाणं. मी भाजी चिरत ऐकायची, हे दाढी करत ऐकायचे. कुणाला खुर्ची लागत नव्हती की पाळी.

भावोजी बघायला आले. डबा हातात घेऊन उलटासुलटा केला, कानाला लावला, परत ठेवला.

“आवाज हवेतून येतो म्हणजे निम्मा वाटेतच सांडत असणार,” ते म्हणाले. “गायक कुठे उभा आहे ते कळतच नाही यात.”

“साडूबुवा, मला गायक घरात उभा नकोच आहे,” हे म्हणाले. “जागा कुठाय?”

ताई हसली. मोकळी, खळखळून. भावोजींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती शत्रूला जाऊन मिळाली. आणि पुढे झालंही तसंच. सुट्टीच्या दुपारी ताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. बैठकीतली इतर मंडळीही हळूहळू आमच्याकडेच चहाला वळली. समोर भावोजी मधल्या खुर्चीत एकटे. आता पाळी नव्हती, खाकरणारं कुणी नव्हतं, हवी तेवढी शांतता होती, आणि त्या शांततेत माणूस नुसता जळत होता. दारावरून जाताना आमच्या घरात असं बघायचे की मला वाटायचं, डबा आता वितळतो. ताईला म्हणायचे, “जा, जा, तुला डबडंच आवडतं ना.” बायकोला कुणी परका माणूस आवडला असता तरी त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. माणसाशी निदान भांडता येतं.

मग एकाएकी ते गोड झाले. “जरा पारखून तर बघू दे तुमचं यंत्र,” म्हणत ह्यांच्याकडून वायफायचा पासवर्ड घेऊन गेले. आमचे हे भोळे. शत्रूच्या हातात घराची किल्ली दिली आणि वर चहा पाजला.

तेव्हापासून आमचे स्पीकर आजारी पडले. गाणं रंगात आलं की मध्येच बंद. पुन्हा लावलं की पुन्हा बंद. हे फोनवर काय लिहून आलंय ते न बघता थेट स्टुलावर चढून वायफायचं खोकं काढायचे, पुसायचे, बसवायचे. दुसऱ्यांच्या घरची यंत्रं सुरळीत करणारा माणूस स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर, घामाघूम. आणि दर वेळी दारात भावोजी हजर. चेहरा सुतकी, आतून उकळ्या फुटत होत्या.

“मी म्हटलं नव्हतं? हवेचा काय भरवसा! चल, आपल्या घरी बस,” ताईला म्हणायचे.

ताई उठायची नाही. “होईल सुरू,” म्हणायची.

त्या दुपारी ह्यांना बाहेर काम होतं. मी आणि ताई दोघीच होतो. ती चष्मा काढून ओट्यावर ठेवून शेंगा सोलत बसली होती. वाऱ्यासाठी दार उघडं होतं. स्पीकरवर आमच्या लहानपणीचं एक गाणं लागलं आणि ताई त्याच्याबरोबर गायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग चांगलं खुल्या गळ्याने. मी सुरी खाली ठेवली. किती वर्षांनी, कोण जाणे.

आणि गाणं बंद पडलं.

ताईला कळलंच नाही. ती गात राहिली. मागे साथ नाही, काही नाही, नुसता तिचा आवाज, थोडा जाड झालेला, वरच्या सुराला किंचित कापणारा. मी गाणं परत लावायला फोन उचलला, तर पडद्यावर लिहिलेलं: ‘स्वयंपाकघर: कानसेन यांच्या फोनवरून थांबवले.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे इतके दिवस ह्यांना स्टुलावर नाचवलं ते ह्या गृहस्थांनी! आज जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकवते, अशा तावात मी फोन घेऊन दारात गेले.

समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि भावोजी उंबऱ्यात उभे होते. हातात फोन, अंगठा अजून पडद्यावर. चोरी पकडल्यावर माणूस दचकतो, तसे ते दचकले नाहीत. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला फोन पाहिला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

तेच ते बोट. पण या वेळी डोळे वटारलेले नव्हते. डोळे भरले होते. त्यांच्या मागे पंखा गरगरत होता, आतून फ्रिज घरघरत होता, आणि जगातला सगळ्यात तिखट कानाचा माणूस त्यातलं काहीही ऐकत नव्हता.

इतकं भांडायचं ठरवून आलेली मी, पण फोन खाली घेतला आणि चौकटीला टेकून ऐकत राहिले.

गाणं संपलं. “अगं, हे कधी बंद पडलं?” ताईचा आवाज आला. मग शेंगांची टरफलं कागदात गुंडाळून ती निघाली. गुणगुणतच माझ्या शेजारून गेली. भावोजी घाईघाईने दारातून बाजूला झाले. चष्मा ओट्यावरच राहिलेला, म्हणून तो घेऊन मी मागोमाग गेले.

आपल्या उंबऱ्याशी ताई आली आणि गप्प झाली. कुणी गप्प केलं नाही. चपला आवाज न करता काढल्या, कडेला लावल्या.

“थांबलीस का?” भावोजींनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

“तुम्ही काहीतरी ऐकत असाल ना.”

“नाही गं. काही लावलेलं नाही.”

“मग लावा की,” ताई समजुतीने म्हणाली. “मी आत बसते. आवाज नाही करत.”

आणि आत जाता जाता तिने सवयीने फ्रिजचं बटण बंद केलं.