गप्प बसलेला जावई

राजारामपुरीतल्या वीरेश पट्टणशेट्टीच्या नेट कॅफेत जाताना माणसानं सुटे पैसे आणि जाड कातडी, दोन्ही सोबत न्यावीत. सुटे नसले की वीरेश ओरडे, प्रिंट दुसऱ्यांदा मागितली की ओरडे, आणि काहीच न मागता कोणी मुकाट बसून राहिलं तर झोपलायस काय म्हणून ओरडे. नव्वदच्या दशकात त्याचा एसटीडी बूथ होता. तेव्हा गिऱ्हाईक फोनवर लांबण लावतंय म्हणून हा बाहेरून काचेवर नाणं आपटायचा. आता सांगा, गिऱ्हाईक बोललं तरच ह्याचं मीटर पडणार ना? पण राग आला की वीरेशला स्वतःचा फायदासुद्धा दिसत नसे, आणि राग यायला त्याला कारण लागत नसे.

असल्या माणसाला पोकरचा नाद लागावा! दुपारी कॅफेत चिटपाखरू नसे. त्या मधल्या वेळात वीरेश संगणकावर जगभरच्या लोकांशी पत्ते खेळे. तीन पत्तीचाच हा विलायती भाऊबंद. आपल्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी, आणि प्रत्येक फेरीला ठरवायचं, पानं टाकून गप्प बसायचं, बरोबरीनं लावायचं, की वाढवून पुढच्याला घाबरवायचं. खेळ सगळा चिल्लरीचा. एका डावात जाई त्यात अर्धा चहासुद्धा आला नसता. पण वीरेशला पानं टाकून देणंच जमत नसे. पानं टाकली म्हणजे माघार, आणि माघार घेणाऱ्यानं कोल्हापुरात राहू नये, असं त्याचं मत. दुर्री-सत्तीवर सगळं लावायचा, हरायचा, आणि पडद्यावरच्या गप्पांच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांतून असल्या कोल्हापुरी शिव्या हाणायचा, की आपल्याला मराठी येत नाही याबद्दल त्या परदेशी माणसानं देवाला नारळ फोडावा.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दुपारी वीरेशनं कधी नव्हे तो धीर धरला होता. हातात दोन राजे आले, त्यानं बेतानं वाढवत नेलं, पुढच्याकडं काही म्हणजे काही नव्हतं. आणि शेवटचं पान त्या दरिद्र्याला हवं तेच पडलं. नेमकी तेव्हाच दानेश्वरी, त्याची बायको, डबा घेऊन आत आली आणि भाजीत आज मीठ कमी आहे, चालेल ना, असं विचारती झाली. वीरेशनं कीबोर्ड उपसून भिंतीवर घातला. हाताच्या फटक्यानं डबा उडाला, भाकरी खाली पडली. कोपऱ्यात फॉर्म भरणाऱ्या दोन पोरी बघत असताना तो तिला म्हणाला, "तू आलीस की माझं वाटोळं हुतंय. अवदसा हायस नुसती."

दानेश्वरीनं भाकरी उचलली, झटकली, डब्यात घातली, झाकण लावलं.

"तुमचं त्वांड तुमच्या ताब्यात आलं की न्यायला या," ती म्हणाली. "तंवर न्हाय."

डबा घेऊन ती तशीच स्टँडवर गेली आणि कुरुंदवाडच्या गाडीत बसली. माहेर तिथं. वडील नागाप्पा यांचं पेंड-भुशाचं दुकान होतं, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत.

वीरेश आधी भडकला. गेली तर गेली, म्हणाला. मग घर खायला उठलं. कुणावर ओरडायचं म्हटलं तर ऐकायला कुणी नव्हतं, आणि स्वतःच केलेली भाजी वाईट झाली म्हणून भांडी आपटण्यात काही अर्थ नव्हता. तिला परत आणायचं होतं. त्यासाठी राग आवरायला शिकायला हवं होतं, आणि गाढवानं शाळा कुठली शोधली? पोकर! जिथं धीर सुटला तिथंच तो शिकायचा, असं त्यानं ठरवलं.

त्या टेबलांवर एक खेळाडू नेहमी असे. कुठल्या देशाचा, बाई की बुवा, काही ठाऊक नाही. नावाच्या जागी बगळ्याचं चित्र होतं. हा बगळा डावामागून डाव पानं टाकून देई. लोक वाढवत, डिवचत, हा आपला गप्प. आणि मग एकदा असा काही हाणे की बाकीच्यांची पानं हातातून गळावीत. वीरेशनं त्याची नक्कल सुरू केली. राग वर चढला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. पहिले काही आठवडे नुसताच गप्प बसला, तर तसाही हरला. प्रत्येकाला आळीपाळीनं थोडंथोडं मधे टाकावंच लागतं, त्यामुळं बसून राहणारा आपोआप झिजतो. म्हणजे नुसतं थांबूनही भागत नाही. थांबायचं ते वेळ आली की हाणण्यासाठी, हे त्याला हळूहळू उमगलं. चैत्रापर्यंत त्याचं गाडं वर आलं. सगळ्यांत जास्त गंमत त्याला एका गोष्टीची वाटायला लागली. आपण काही न करता बसलो की पुढचा माणूस अस्वस्थ होतो, आपण काय धरून बसलोय याचा विचार करतो आणि भलतंच काही करून बसतो. स्वतःच्या हातानं स्वतःचे पैसे आणून घालतो बिचारा.

कॅफेतही त्याचं ओरडणं थांबलं. मालकांना काय दुखतंय खुपतंय का, असं गिऱ्हाइकं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारू लागली.

त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, ज्येष्ठात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हटल्यावर जावयाला बोलवायला हवं. भांडण असो नसो, तो मान चुकवला तर गाव तोंडात शेण घालेल. नागाप्पांनी फोन केला आणि कोरड्या आवाजात या म्हणाले. वीरेशनं नवा शर्ट घातला. गाडीत बसल्यावर त्यानं मनाशी पक्कं केलं, सासरा काहीही बोलू दे, आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हे त्यानं दानेश्वरीसाठी ठरवलं होतं, खरंच तिच्यासाठी. त्याच्या बाजूनं एवढं तरी बोललं पाहिजे, कारण ह्यापुढं बोलण्यासारखं फारसं नाही.

सासरी पुढच्या सोप्यात पाट मांडलेला. ताटात पुरणाचे धोंडे, तूप, शेजारी तांब्याच्या तबकात तेहतीस अनारसे. वीरेश बसला आणि नागाप्पांनी तोंड सोडलं. इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर आलं. पोरगी काय उकिरड्यावर सापडली होती का, चारचौघांत अवदसा म्हणतोस, हात उचलायचीच काय ती बाकी ठेवलीस, अशी त्यांनी झाडाझडती घेतली. म्हाताऱ्याचा एकूण एक शब्द रास्त होता. वीरेशनं हात मांडीखाली घातले. बोलणं संपल्याशिवाय घास कसा घ्यायचा, म्हणून ताटालाही शिवला नाही.

नागाप्पांचा आवाज हळूहळू उतरला. पुढून काहीच येत नाही म्हटल्यावर माणूस किती वेळ एकटा भांडणार? ते थांबले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून सासू शिवम्मा यांनी न शिवलेलं ताट बघितलं.

जावई धोंड्याला आला आणि उपाशी बसला! त्या घरात ह्याचा एकच अर्थ होत होता. जावई रुसला. रुसलेल्या जावयाला काहीतरी हवं असतं, आणि ते आपण ओळखून द्यायचं असतं. शिवम्मांनी नवऱ्याला आत ओढलं. दोघं दबक्या कन्नडात बोलले. नागाप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता, चेहरा पडला होता. ते स्वतःच्या बोटातली अंगठी काढायला लागले. बोट सुजलेलं, अंगठी निघेना. समईतलं तेल लावून त्यांनी ती ओढली.

वीरेशला ह्यांची चूक तत्क्षणी कळली. मामा, मी रुसलेलो नाही, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. हीच ती बोलायची वेळ होती. पण इतक्या दुपारी पोकर खेळून जी चटक लागली होती ती आतून वर आली. पुढचा स्वतःच्या हातानं आणून घालतोय. थांब. अजून थोडं थांब.

नागाप्पांनी तेलकट अंगठी पुढं केली. वीरेशनं बोट पुढं केलं. मग धोंडा मोडला आणि पहिला घास घेतला. शिवम्मांनी सुटकेचा निःश्वास टाकून आणखी तूप वाढलं.

दारात दानेश्वरी उभी होती. तिच्या पायाशी भरलेली पिशवी होती.

"तुमी रुसला नव्हतासा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण संताप अंगभर दिसत होता. "रुसल्यावर तुमी ताट फेकतासा. मी सात वर्सं उचललीया ती ताटं. आज तुमी नुसतं बघत बसला हुतासा, काय काय पडतंय ते."

वीरेशच्या कानशिलात रक्त उसळलं. तिच्यासाठी म्हणून तोंड दाबून बसलो आणि वर हे ऐकायचं? तासाभरापूर्वी ते खरं होतं, आणि आता बोटात अंगठी घालून तेच म्हटलं तर शेंबडं पोरही हसलं असतं. त्यामुळं त्याला जास्तच राग आला, तिचा, म्हाताऱ्याचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"मी काय मागितलं काय?" तो म्हणाला.

"न्हाय की. न मागताच घेतलासा." तिनं पिशवी उचलली. "सकाळी अप्पांस्नी म्हणलं हुतं, चुकलं म्हणू द्या त्यास्नी एकदा, मी जातीया. एकच शबूद लागत हुता." आणि पिशवी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

नागाप्पा स्टँडवर सोडायला आले. अनारशांचा डबा त्यांनी स्वतःच धरला होता, जावयाच्या हातात ओझं नको म्हणून. अंगठीच्या जागी त्यांचं बोट सोललं होतं. वीरेशला ते दिसत होतं. त्याच्या बोटात ती अंगठी ढिली होती, नुसता हात खाली केला असता तरी निघाली असती. पोरगी हट्टी आहे, आम्ही समजावतो, असं म्हातारा वाटभर सांगत राहिला. दुपारी ह्याच माणसानं ताठ मानेनं लेकीसाठी भांडण काढलं होतं.

गाडी लागली. वीरेश खिडकीशी बसल्यावर नागाप्पांनी डबा आत दिला आणि गजाला धरून भीत भीत विचारलं, "जावईबापू, आता राग गेला न्हवं?"

उभ्या जन्मात कुणावर ओरडायला न कचरलेल्या वीरेशनं अंगठीचा हात मांडीखाली दाबला.

"गेला," तो म्हणाला.