संडासासमोरचा बाक

माझ्या हातून तयार झालेला पेशंट डॉक्टरांनी कधी परत पाठवला नव्हता, आणि याचा मला भारी माज होता. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात आतड्यात घालायची दुर्बीण घेऊन नाशिकचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. आदल्या दिवशी पेशंटला जुलाबाचं औषध आणि तांब्यातांब्यानं पाणी पाजून आतडं धुऊन काढायचं, हे माझं काम. शेवटी भांड्यात नुसतं पिवळसर पाणी दिसलं, की मी पास करायचे. नातेवाईक चोरून भाकरी चारायचे. मी डबे काढून घ्यायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा झापायचे.

एकदा शिरपूरकडच्या खेड्यातून एक तिशीची सून आली. शौचातून रक्त जात होतं, वजन उतरलं होतं. सासू वारलेली, नवरा कापसाच्या गाडीवर, म्हणून सोबत सासरेच होते. मी त्यांना वॉर्डाबाहेर, संडासाच्या दारासमोरच्या बाकावर बसवलं.

“आबा, इथून हलायचं नाही. सून किती वेळा जाते ते मोजा. दहाच्या खाली मला चालणार नाही.”

आबांनी मान खाली घातली. तिनं पदर नाकापर्यंत ओढला. मला वाटलं, आता ही नाटकं कशाला.

संध्याकाळी आबा म्हणाले, “बारा येळा गई.” तिनं भांडं दाखवलं. पिवळसर पाणी. मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी घातली आणि लगेच बाहेर काढली. आत घाणच घाण. “सिस्टर, ही तयारी?” सगळ्या स्टाफसमोर विचारलं त्यांनी.

मी तणतणत वॉर्डात गेले. तिनं सगळं सांगून टाकलं. औषध मोरीत ओतलं होतं. शेजारच्या बाईकडून चिमूटभर हळद मागून भांड्यातल्या पाण्यात टाकली होती.

“मामा समोर बसेल व्हतात. कशी जाऊ?” सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

“हगायची लाज वाटते, मरायची नाही वाटत?” मी ओरडले. सगळा वॉर्ड हसला. खोटं कशाला बोलू, ते हसणं ऐकून मला बरं वाटलं. पुढच्या महिन्यात या, असं सांगून मी तिला घरी पाठवलं.

ती आली नाही. उन्हाळ्यात आबा एकटेच आले. सामानाच्या गडबडीत आमचं भांडं त्यांच्या गावी गेलं होतं, ते घासूनपुसून पिशवीत घालून परत आणलं होतं.

“सून गई, सिस्टर,” ते म्हणाले. “तठे दवाखानामा परत जावानंच नही, असं म्हने.”

मग हळूच म्हणाले, “मी मोजंच नही. सून कितला येळा जास, ते सासरानी मोजानं का? भीतकडे तोंड करीसन बसेल व्हतू. बारा असंच सांगी टाकं.”

मी भांडं हातात घेतलं.

“मी मोजं असतं, ते ती वाचती का?”

सगळ्या वॉर्डाला तिच्यावर हसायला लावलं होतं मी. त्या बाकावर आबांना बसवलं होतं तेही मीच. तरी मी म्हणाले, “हो.”