न वाजलेला भोंगा

युद्ध सुरू झालं आणि आमच्या तोफांच्या कारखान्याचा पाळी भरल्या-सुटल्याचा भोंगा बंद झाला. आता तो वाजणार होता फक्त शत्रूची विमानं आली तरच. त्या दिवसांत दर रविवारी दुपारी आम्ही काही कामगार गढा मोहल्ल्यातल्या एका शिंप्याच्या खोलीत जमायचो. मालक नको, सरकार नको, पुढारीही नको, माणसं आपसांत ठरवून जगू शकतात, असं एक म्हातारे मास्तर तिथं समजावून सांगायचे. म्हणून आमच्या बैठकीला अध्यक्षसुद्धा नव्हता. मला ते फार पटायचं. हुकूम ऐकून ऐकून डोकं पिकलं होतं.

“हुकूम मानता काहून तुम्ही?” एका रविवारी मास्तरांनी विचारलं. “कोण जबरदस्ती करून राहिलं?”

तेवढ्यात आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. कोणी काही बोललं नव्हतं, बाहेर काही वाजलं नव्हतं. माझा हात डबा चाचपत होता, आणि डबा तर घरीच होता. मग लक्षात आलं, ही पाळी सुटायची वेळ. 

 आम्ही तसेच उभे होतो, कोणीतरी ‘बैठो भैया’ म्हणेल याची वाट पाहत.