एकाच्या बदल्यात दोघे

रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात मी कर्मचारी विभाग सांभाळत होतो आणि शुक्रवारी कारखान्याचा क्रिकेट संघ. दुसरे काम मी मागून घेतले होते. मंदी आली, दुबईतली बांधकामे थांबली, माल गोदामात साचू लागला आणि पाचांपैकी तीन भट्ट्या बंद झाल्या. संघ चालू ठेवायला मालकांची हरकत नव्हती. खर्च मात्र वाढता कामा नये, ही अट.

आमचा वेगवान गोलंदाज रत्नागिरीकडचा. कामाने स्टोअरकीपर, वय चौतीस. सहा वर्षे त्याने आम्हाला सामने जिंकून दिले. त्या हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा गेला. सरावानंतर तो डाव्या हाताने शर्ट काढू लागला. संघात हे फक्त माझ्या लक्षात आले होते.

फुजैराच्या तेलटाक्यांवर तेव्हाही भरपूर काम होते. तिथल्या एका कंपनीचा संघ आमच्याकडून नेहमी हरत असे. त्यांच्या व्यवस्थापकाने, एका केरळी गृहस्थाने, आमचा गोलंदाज मागितला. मी बदल्यात दोन तरुण गोलंदाज मागितले, विशीतले, हेल्परच्या व्हिसावरचे. कुटुंबासह राहणाऱ्या एका स्टोअरकीपरपेक्षा कामगारांच्या कॅम्पवर राहणारे दोन हेल्पर कारखान्याला परवडत होते. मालकांनी लगेच मान्यता दिली.

गोलंदाजाला कार्यालयात बोलावून मी हे सांगितले. मुलगी दहावीला होती, परीक्षा तीन महिन्यांवर. बायको आणि मुलगी दोघींचा व्हिसा त्याच्या व्हिसावर. आमचा रद्द झाला आणि तिकडचा लागला नाही, तर तीस दिवसांत तिघांनाही देश सोडावा लागणार होता. तो उभाच राहिला. एवढेच विचारले, "लागेल ना, साहेब?" खांद्याविषयी बोलू नकोस, लागेल, असे मी सांगितले. तो मान खाली घालून गेला. ती मान मी होकार समजलो.

त्या काळी पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. देवघेव मसाफीला, दोन्ही गावांच्या मधल्या रस्त्यावर, एका कॅफेटेरियाबाहेर झाली. मी त्याचा पासपोर्ट आणि ना हरकत पत्र दिले. केरळी गृहस्थाने दोन पासपोर्ट माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

"एक के बदले दो," तो म्हणाला. "बकरा बाजार हो गया, साहब." मग चहा संपवताना, माझ्याकडे न पाहता, "कंधा ठीक है ना उसका?"

"एकदम," मी म्हणालो.

त्याने पासपोर्ट खिशात घातला.

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत रक्त पाहतात, छातीचा एक्स-रे काढतात. खांदा कोणी पाहत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी दिवस मोजले. व्हिसा एकविसाव्या दिवशी लागला.

पुढच्या हंगामात फुजैराने त्याला आमच्याविरुद्ध उतरवले नाही. त्यांना आपण बनवले याचे मला समाधान वाटले, हेही लिहून ठेवतो. आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एक चार महिन्यांतच गावी परतला होता. दुसरा खरोखर वेगवान होता. त्याला एक हंगाम मिळाला. मग चौथी भट्टी बंद झाली आणि संघही. काढायच्या लोकांची यादी मीच टाइप केली. शेवटचे नाव माझे होते.

निघण्याआधी निरोप घ्यायला फुजैराला गेलो. आमचा जुना गोलंदाज तिथल्या स्टोअरचा प्रमुख झाला होता. त्याने जेवायला घरी नेले. मुलगी आता बारावीत होती. अभ्यास कसा चालला आहे, असे विचारले तर "फाइन, अंकल" म्हणून आत गेली. जेवताना मी म्हणालो की खांद्याचे कळले तेव्हा तुला त्रास झाला असेल.

तो म्हणाला, "त्यांना आधीच ठाऊक होतं, साहेब. तुम्ही बोलावलंत त्याच दिवशी मी त्यांना फोन केला. पोरीचं वर्ष होतं. खोट्यावर कसा जाणार?"

त्यांना स्टोअरकीपर हवाच होता, आणि नव्या गोलंदाजांना शिकवणारा कोणीतरी.

म्हणजे मसाफीला त्या गृहस्थाने मला विचारले, ते उत्तर माहीत असूनच. त्याने माझे उत्तर ऐकले, चहा संपवला आणि ठरल्याप्रमाणे दोघेही दिले.

परतीची वाट मसाफीवरूनच होती. मी थांबलो नाही.