सुभेदाराचा वाटा

आटपाडीजवळच्या त्या गावात जत्रेचं बकरं कुणीही कापो, मटणाचे वाटे घालायला लालासाहेबच लागायचे. लष्करातून हवालदार होऊन परतलेला माणूस, हात एकदम सरळ! अमक्याला हाडंच गेली, अशी तक्रार कधी आली नाही. कलेजीवर पाण्याचे फोड दिसले की मात्र ते तेवढा तुकडा बाजूला काढायचे. "माणसानं खायचं न्हाई हे," म्हणायचे आणि आपल्या कुत्र्यापुढं टाकायचे. कुत्र्याचं नाव सुभेदार. मालकापेक्षा वरचा हुद्दा म्हणून गाव हसायचं.

लालासाहेबांची एकुलती लेक संयोगिता दहा वर्षांची असताना हा सुभेदार पिल्लू म्हणून घरी आला. ती त्याच्या अंगावर लोळायची आणि तशाच हातानं भाकरी खायची. बाविसाव्या वर्षी ती पोलीस भरतीसाठी रोज सकाळी माळावर पळायची, तेव्हाही तो मागं असायचाच.

भरतीला महिना राहिला होता. गावात आरोग्य शिबिर लागलं, फुकट सोनोग्राफी होती, म्हणून पोरगी सहज जाऊन आली. तिथून थेट सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं.

"लिव्हरमध्ये संत्र्याएवढी गाठ आहे. आत पाणी आहे. बरीच वर्षं वाढत असणार," डॉक्टर म्हणाले.

"आवं, पण हिचं पोट कवा दुखलं न्हाई! लय पळती पोरगी."

"दुखत नाही म्हणून तर कळत नाही. पळताना पडली आणि गाठ फुटली, तर जीवावर बेतेल. घरी कुत्रं आहे? बकऱ्याची कलेजी खातं?"

लालासाहेबांनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टर सांगत होते: कलेजीवरच्या फोडातले जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, केसांना चिकटतात आणि हातावरून माणसाच्या पोटात जातात, मग आत अशी गाठ धरते. कुत्रं ठणठणीत दिसतं, माणूसही.

ऑपरेशन नीट झालं. पण त्या वर्षीची भरती गेली. पोरीनं बापाला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसेना.

पुढच्या जत्रेला कलेजीवर पुन्हा फोड निघाले. सवयीनं हात कुत्र्याकडं वळला आणि थांबला. लालासाहेबांनी कुदळ आणवली, कमरेइतका खड्डा खणला, तुकडा पुरून वर धोंडे रचले.

"हवालदार, सुभेदाराचं रेशन बंद केलं व्हय?" वाटा न्यायला आलेला भाऊसो हसला.

"ह्याच्यापायी माझ्या पोरीचं पोट फाडावं लागलं, भाऊसो. आजपासनं गावात कुणीबी हे कुत्र्याला टाकायचं न्हाई."

संयोगिता साबण आणि तांब्या घेऊन आली. ती पाणी ओतत राहिली, ते हात चोळत राहिले. एक तांब्या झाला, दुसरा झाला.

"बास की, आबा. ठावं असतं तर तुमी टाकलं असतं व्हय?"

तेव्हा तो माणूस गावादेखत ढसाढसा रडला. सुभेदार मात्र खड्ड्याजवळ शेपूट हलवत, आपल्या वाट्यासाठी बसून राहिला होता.