सासूच्या ओटीवर बसणाऱ्या शालिनीताई

शालिनीताईंची आणि माझी खरी ओळख भांडणातून झाली, आणि भांडत होते ती एकटी मीच. आज मी त्यांची सहकारी म्हणून या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिते आहे, तेव्हा खरं तेच सांगते.

पेण-रोह्यात कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींसाठी ताईंनी अर्धं आयुष्य वेचलं. बाळंतिणीचं खाणंपिणं, बाळाच्या लसी, सुटलेलं शिक्षण, सगळं त्यांनी घरोघर फिरून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी अशाच त्या रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमच्या घरी येऊ लागल्या. माझी सून सुप्रिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पदरात चार महिन्यांची मुलगी. ताईंनी तिचं नाव पेणला नर्सिंगच्या कोर्सला घातलं. मला कुणी विचारलं नाही. कळल्याबरोबर मी सुप्रियाला बाळासकट कोलाडला माहेरी धाडलं. "शिकायचं तर तिकडंच ऱ्हा," असं बजावलं. मुलगा कंपनीत शिफ्टला जाई. त्यानं मला अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई दारात हजर. आता भाषण ऐकावं लागणार म्हणून मी पदर खोचून तयारच होते. ताई ओटीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. तुम्हाला विचारल्याशिवाय नाव घालायला नको होतं." एवढ्या शिकलेल्या, केस पिकलेल्या बाईंनी माझी माफी मागावी! माझा सगळा दारूगोळा वाया गेला. मी चहा टाकला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला पहिलं मूल झालं तेव्हा वय काय होतं तुमचं?"

"सतरा."

"मदतीला कोण होतं?"

"कोन नाय वो ताई. बाराव्या दिशी हंडा घेऊन पान्याला गेले मी."

हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू आवरेना. ताई शेजारी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोलाड गाठलं. व्याह्यांच्या अंगणात सगळ्यांसमोर सुनेला म्हणाले, "चुकला गो माजा. चल घरी. पोरीला मी बघते, तू शिक."  सुप्रियानं बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून ताईंनी नियमच केला: मुलीचं नाव कुठंही घालण्याआधी तिच्या सासूला भेटायचं. ते काम माझ्याच गळ्यात घातलं, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

ताईंना राग येतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. आजारी बाळाला दवाखान्यात न्यायला उशीर झाला की त्यांचा आवाज कुंडलिका नदीच्या पलीकडं ऐकू जातो. स्वतःच्या तब्येतीकडं साफ दुर्लक्ष. थकून एसटीत डोळा लागतो आणि पेणऐवजी पनवेलला उतरतात. दोनदा झालंय असं. आम्ही रागावलो तर हसतात.

सुप्रिया आज रोह्यात नर्स आहे. नात अकरा वर्षांची झाली. तिच्या लग्नाची घाई करायची नाही, हे मी घरात सांगून ठेवलं आहे. ती शिकेल, कमवेल, तिला वाटेल तेव्हाच आई होईल. तिच्या बाळाच्या बारशाला पाळण्याची दोरी ताईंच्या हातात हवी. त्याला अजून पंधरा-वीस वर्षं तरी लागतील. ताई, तोवर तुम्ही ठणठणीत असायलाच हवं. देवाजवळ आम्हा साऱ्या सासवांचं एवढंच मागणं आहे.